परबकाकांचं तिसरं खोकं

उत्तम परबांना वर्गात फळा लागत नाही, आणि व्याकरणाचं पुस्तक तर त्यांच्या घरात औषधालाही सापडणार नाही. त्यांना लागतात तीन रिकामी खोकी. एसीच्या सुट्या भागांची, जाड पुठ्ठ्याची. एकावर मार्करने लिहिलंय 'तो', दुसऱ्यावर 'ती', तिसऱ्यावर 'ते'. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता मस्कतच्या अल हैल भागातल्या त्यांच्या हॉलमध्ये चटई पसरली जाते, वीसेक मुलं येतात, आणि चिठ्ठ्या खोक्यांत पडू लागतात. पंखा 'तो'त, बिर्याणी 'ती'त, सँडविच 'ते'त.

माणूस पेशाने शिक्षक नाही. कुडाळजवळच्या गावातून आयटीआय करून आलेला एसी टेक्निशियन. पहिली दहा वर्षं ओमानमधल्या सूरला मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये काढली, मग मस्कतच्या एका मेंटेनन्स कंपनीत लागला आणि अल हैलला बिऱ्हाड केलं. इथल्या निम्म्या गच्च्या त्यांच्या पायाखालच्या. शेहेचाळीस डिग्रीत कॉम्प्रेसर उघडून बसलेला हा माणूस शुक्रवारी आंघोळ करून, केसांना तेल लावून चटईवर बसतो, ते सोळा वर्षं. एक शुक्रवार चुकवलेला नाही. ताप आला तेव्हा त्यांनी आतल्या खोलीतून ओरडून चिठ्ठ्या तपासल्या होत्या.

हे सगळं सुरू झालं ते एका फोनमुळे. त्यांची मुलगी यशश्री आठ वर्षांची असताना गावाला आत्याशी बोलत होती आणि म्हणाली, "माझा आई बाजारात गेला." आत्या पोट धरधरून हसली. परबांना मात्र ते हसणं झोंबलं. पोरगी शाळेत इंग्रजी बोलते, खाली खेळताना हिंदी बोलते, ते ठीक. पण आईचा 'तो' झाला म्हणजे अतीच झालं. दुसऱ्याच शुक्रवारी तीन खोकी घरात आली. आधी विद्यार्थिनी एकच होती. मग शेजारची आली, मग वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांतली आली, आणि बघता बघता परबांच्या बायकोला, सुगंधावहिनींना, दर शुक्रवारी वीस जणांचे बटाटेवडे तळणं भाग पडलं. त्या कुरकुरतात, पण वडे कधी कमी पडले नाहीत.

वर्गात भांडणं होतात आणि परबांना ती मनापासून आवडतात. 'वायफाय' ह्या एका शब्दावर दोन महिने रण माजलं होतं. वायफाय गेला, गेली, की गेलं? मुलं घरी जाऊन आईबापांना विचारून आली, तर आईबापांतच तट पडले. शेवटी परबांनी निकाल दिला की वायफाय गेल्यावर आमच्या घरी 'गेलं, गेलं' अशी बोंब होते, तेव्हा ते 'ते'. खलास. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तर ही पहिली विद्यार्थिनी यशश्री मोठी झाली, भाषाशास्त्र शिकायला अमेरिकेला गेली, आणि तिथल्या एका सरकारी विद्यापीठात, स्वतःचा अभ्यास सांभाळून, तिथल्या मुलांना मराठी शिकवू लागली. परबांनी ही बातमी इतक्या लोकांना सांगितली की कंपनीचा ओमानी अर्बाब, म्हणजे मालक, झुबेर त्यांना आता 'अबू प्रोफेसर' म्हणतो. प्रोफेसरचा बाप. परब वरवर लाजतात.

आणि मार्चमधल्या एका संध्याकाळी यशश्रीचा व्हिडिओ कॉल आला, तो रडतच.

"काय झाला गो? रडतंस कित्याक?" परबांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

"बाबा, माझा कोर्स बंद करतायत."

मग हुंदके आवरत तिने जे सांगितलं ते असं. तिच्या राज्यात नवा कायदा झाला होता. सरकारी विद्यापीठांत वंश आणि लिंग ह्या विषयांवर काय शिकवायचं, कसलं प्रशिक्षण द्यायचं, ह्याला कुंपण घातलं होतं. प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम आधी कॉम्प्युटरमधून जायचा, आणि कॉम्प्युटर ठरावीक शब्द हुडकून लाल करायचा. यशश्रीच्या तिसऱ्या धड्याचं नाव होतं 'थ्री जेंडर्स'. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. कॉम्प्युटर बिचारा काय जाणे! त्याने सगळा धडाच लाल केला. विद्यापीठाचं पत्र आलं: हा कोर्स तिसरं लिंग असल्याचं शिकवतो असं दिसतं, समितीपुढे खुलासा करा, नाहीतर पुढच्या सत्रापासून कोर्स रद्द. कोर्स गेला की तिची नेमणूक जाणार होती, आणि नेमणुकीच्याच आधारावर तिचं पुढचं शिक्षण चाललं होतं.

परबांना आधी हसू आलं, आणि लेकीचं तोंड बघून ते गिळावं लागलं. "पण गो, टेबलाक 'ते' म्हटलां तर कोणाचा काय जाता?"

"हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतात, तुम्ही स्वतःच्याच कोर्सची बाजू घेणार."

तेव्हा फोनवर आणखी एक चेहरा डोकावला. ही सबीहा, यशश्रीच्या शेजारच्या टेबलावर बसणारी. तिचा कोर्स वंशभेदाच्या इतिहासावर होता, त्याच विद्यापीठात पूर्वी कोणाला कुठल्या दारातून आत यायची बंदी होती ह्यावर. तो गेल्याच आठवड्यात रद्द झाला होता. पण कल्पना तिचीच. समिती बाहेरच्या जाणकाराचं म्हणणं ऐकते, ती इंग्रजीत म्हणाली. सोळा वर्षं मराठी शिकवणारा माणूस आणखी कोण आहे?

"मी?" परब खुर्चीतून उठलेच. "माका इंग्लिश जमूचा नाय!"

"बाबा, प्लीज."

लेकीने असं म्हटल्यावर परबांचं काही चालत नाही, हे सुगंधावहिनींना वीसेक वर्षांपासून ठाऊक आहे. पंधरवडाभर त्यांनी इंग्रजी वाक्यं पाठ केली. गच्चीवर कंडेन्सर धुताना मोठ्याने 'मॅस्क्युलिन, फेमिनिन, न्यूटर' चाललेलं असायचं, आणि खालचे भाडेकरू खिडकीतून वर बघायचे.

समितीची वेळ तिथली सकाळी साडेआठ, म्हणजे इथली संध्याकाळी साडेपाच. वार शुक्रवार! वर्ग रद्द करा, असं वहिनींनी सुचवून पाहिलं. परबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या मुकाट्याने बटाटे सोलायला गेल्या. मुलांना चटईवर गप्प बसायची ताकीद मिळाली. परबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खाली घरातली हाफ पँट तशीच ठेवली, आणि लॅपटॉपसमोर ताठ बसले. आपल्या एका चुकीच्या शब्दाने पोरीचं शिक्षण बुडालं तर? हा विचार त्यांनी पंधरा दिवस दाबून ठेवला होता, तो नेमका तेव्हा वर आला.

पडद्यावर पाच माणसं, कोपऱ्यात यशश्री आणि तिच्यामागे सबीहा. मधोमध अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

परबांनी पाठ केलेलं भाषण पहिल्याच वाक्याला विसरलं गेलं. म्हणून त्यांनी जे येतं ते सांगितलं. "मॅडम, आय ॲम एसी टेक्निशियन. कॉम्प्रेसरला तीन पिना असतात. कॉमन, स्टार्ट, रन. तीन का, असं मी कधी कंपनीला विचारलं नाही. तीन आहेत, म्हणून मशीन चालतं. मराठी पण तसंच."

एकदोघे हसले. अध्यक्षबाई मात्र कागदावरून नजर न हलवता म्हणाल्या, "मिस्टर परब, हे तिसरं नेमकं कोणासाठी वापरतात? वस्तूंसाठी? की माणसांसाठीही?"

खरं उत्तर द्यायचं, एवढं एकच परबांना कळत होतं. त्यांनी अभिमानाने सांगून टाकलं, "माणसांसाठी पण, मॅडम. माय ओन डॉटर. माय डॉटर इज न्यूटर."

यशश्रीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आता कोकणातल्या माणसाला ह्यात काहीच वावगं वाटणार नाही. मालवणीत घरातली तरुण पोर ही 'ती' नसतेच. ती असते 'तां', म्हणजे पुस्तकी मराठीतलं 'ते'. 'तां इलां', 'तां निजलां'. लग्न होऊन दोन मुलांची आई झाली तरी बापाच्या तोंडी ती कैकदा 'तां'च राहते. परबांनी जन्मभर लेकीला जीव लावला तो ह्याच लिंगात. पण हे अमेरिकेतल्या पाच जणांना कुठून कळावं? कायदा ज्या गोष्टीला भीत होता, नेमकी तीच परबांनी छाती फुगवून कबूल केली होती.

"अहो, काय बोल्लात ह्यां!" स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी पुटपुटल्या.

आणि चटईवरून तान्या उठली. वसईच्या घरातली, नऊ वर्षांची, मराठीत अजून अडखळणारी, पण इंग्रजी फाडफाड. ती सरळ येऊन लॅपटॉपसमोर उभी राहिली. "मॅडम, अंकल मीन्स 'ते'! बाळ ते. लेकरू ते. वासरू ते, पाखरू ते, पिल्लू ते. जे खूप खूप आवडतं ना, ते सगळं 'ते'!" मग तिला शंका आली आणि ती मागे वळली. "अंकल, बरोबर ना?"

"शंभर टक्के," परब कसेबसे म्हणाले.

मग काय, ताकीद गेली हवेत. अख्खी चटई तिन्ही खोकी उचलून लॅपटॉपवर कोसळली. "कोकरू!" "मांजर!" "आइस्क्रीम!" "वायफाय!" अमेरिकेतल्या त्या खोलीत पाचही माणसं मोठमोठ्याने हसत होती. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, "माझी नात तीन आठवड्यांची आहे. ती कुठल्या खोक्यात?"

"ते, मॅडम," परब म्हणाले. "डोळे मिटून 'ते'."

निकाल वीस मिनिटांत आला. कोर्स मंजूर, फक्त धड्याच्या नावातून तो एक शब्द काढायचा. यशश्रीने तिथल्या तिथे नवं नाव दिलं, 'तो, ती, ते'. अल हैलला त्या संध्याकाळी वडे दोनदा तळावे लागले. परब मुलांबरोबर हाफ पँटवरच नाचले. त्याचा व्हिडिओ आहे, आणि झुबेरने तो पाहिलेला आहे.

पण यशश्री नंतर म्हणाली ते परबांना लागलं. "बाबा, कायदा आहे तसाच आहे. आपण वाचलो कारण तो गैरसमज होता. सबीहाला ती सोय नाही. तिने कागदावर जे लिहिलं होतं, तेच तिला शिकवायचं होतं."

ऑगस्टच्या शेवटी तिथलं सत्र सुरू झालं. पहिला तास संपल्या संपल्या यशश्रीचा कॉल आला, आनंदाने फुललेला. "बाबा, नाव नोंदवलेले अकरा होते, आले बारा! सबीहा येऊन पहिल्या बाकावर बसली. आणि सगळ्यांच्या आधी तिने वाक्य बनवलं. थांबा, तिच्याच तोंडून ऐका."

सबीहा पडद्यावर आली. शब्द जपून जपून मांडत म्हणाली, "माझं वर्ग बंद झालं."

'वर्ग' तो. सोळा वर्षांत अशी चूक परबांनी एकदाही सोडली नव्हती. सुगंधावहिनी वाट बघत राहिल्या, पण परबांनी चूक काढली नाही. त्यांचे डोळे भरून आले होते.

"चुकलं का, बाबा?" यशश्रीने विचारलं.

"नाय," परब म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तां जेवलां काय?"

तिथे सकाळचे नऊ वाजले होते. यशश्री हसतच सबीहाकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "बाबा विचारतायत, तू जेवलीस का."

सबीहाने भुवया उंचावल्या. पहिल्या तासाची विद्यार्थिनी, प्रश्न विचारणारच. "त्यांनी माझ्यासाठी कुठलं वापरलं? तो, ती, की ते?"