दोन माणसांचा ट्रक

माझ्या शेडमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या हा माणूस जमिनीवर उताणा झोपला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खाली ग्रीस, लोखंडाचा कीस, सांडलेलं डिझेल. मला वाटलं, घेरी आली. पाण्याचा तांब्या घेऊन धावलो, तर झोपल्या जागेवरून हुकूम सुटला, "मिस्त्री, डोस्क्यापाशी खडूनं रेघ मारा. आता पायापाशी. थांबा, कुशीवर वळतो, रुंदी घ्या."

माझ्या खिशात टेप होता. मी तसं म्हणालो, तर अंग न हलवता म्हणाले, "टेपला कूस बदलता येत न्हाई."

हे वाक्य पुढे मी इतकं ऐकलं, की आता माझ्याही तोंडी बसलंय. ओटा किती उंच? टेपवर विश्वास नाही. हवेत भाकरी थापून बघायची. टाकी केवढी? दोघांच्या आंघोळीचं पाणी बादलीनं मोजायचं.

हे सुभेदार लोणंदजवळच्या गावचे. जन्मभर फौजेचे ट्रक चालवले आणि निवृत्त झाल्यावर लिलावात तसलाच एक जुना ट्रक घेतला. चारही चाकं ओढणारा, ओढ्यात घातला तर पलीकडून निघणारा. त्याच्यावर त्यांना घर बांधायचं होतं आणि बायकोला घेऊन लडाखपर्यंत जायचं होतं. जिथे रस्ता संपेल तिथून पुढे रस्त्याशिवाय. माझा धंदा सांगलीत ऊस आणि हळद वाहणाऱ्या ट्रकांची बॉडी बांधायचा. उसाला खिडकी लागत नाही, हळदीला पलंग लागत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे खिडकी मागत होतं. मी नाही कशाला म्हणू?

गावात लोक हसायचे. या वयात कसली फिरस्ती, म्हणायचे. सुभेदार शांतपणे विचारायचे, "मग गुडघं गेल्यावर जाऊ व्हय?"

हट्टामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीतली प्रत्येक सुट्टी शेतानं खाल्ली. कधी लावण, कधी तोडणी, कधी पुतणीचं लग्न. बायकोला बर्फाचा डोंगर दाखवतो म्हणाले होते, ते तसंच राहिलं. एकदा फॅमिली क्वार्टर मिळालं, तर आई आजारी पडली आणि बायको गावीच अडकली. सगळं ठरवायचे थोरले भाऊ, आण्णा. सुभेदार चीनच्या हद्दीपर्यंत ट्रक नेऊन आले, पण आण्णांसमोर त्यांच्या तोंडून 'न्हाई' हा शब्द कधी निघाला नव्हता.

मग एके दिवशी मला गावी बोलावलं. अंगणात कबड्डीच्या मैदानासारखी चुन्याची फक्की मारून त्यांनी अख्खा ट्रक आखला होता, खऱ्या मापाचा. दोघं नवरा-बायको त्या रेघांच्या आत राहत होते. स्टो आत, अंथरूण आत. मी सरळ चालत गेलो तर ओरडले, "मिस्त्री, भिंतीतनं येताय. दार तिकडं हाय." मी गुमान वळसा घालून दारातून गेलो. वाकूनसुद्धा गेलो. काकूंनी पदराआड हसत चहा दिला.

पण घर बांधायचं म्हटलं की आमच्याकडे भावकीला विचारायची रीत आहे, आणि सुभेदार रीतीचे पक्के. सगळ्यांना बोलावून बसले. चुलती म्हणाली, देव्हारा पूर्वेला हवा. सुभेदारांनी मान डोलावली आणि मला देव्हारा फिरत्या खुर्चीच्या बेअरिंगवर बसवावा लागला. गाडी कुठेही तोंड करो, देव फिरवून घ्यायचे. चुलता म्हणाला, पाहुण्यांना बसायला बाक हवा. धान्याची कणगी हवी. रात्रीपर्यंत फक्कीचा ट्रक वाढत वाढत गोठ्यात शिरला.

त्या रेघा दुसऱ्या दिवशी झाडून पुसता आल्या. आण्णांची मागणी मात्र पुसता आली नाही. त्यांचं म्हणणं सोपं होतं. घर बोल्टवर बसवा. हंगामात उतरवून ठेवायचं, चार महिने ऊस ओढायचा, मग परत चढवून खुशाल जायचं. सुभेदारांनी मान डोलावली.

ट्रक माझ्या शेडमध्ये तयार झाला. चासीवर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर घर, खाली जाडजूड बोल्ट. पडद्याचं कापड दाखवायला काकू सांगलीला आल्या. कापड दाखवलंच नाही. पदर खोचला, ट्रकखाली वाकून बघितलं आणि मला विचारलं, "हे नट सुटत्यात व्हय?"

म्हटलं, सुटतात.

"मग ते कायम सुटलेलंच राहील. घरच्यांचं चार म्हयने म्हंजे किती, ते मला विचारा. टाका मारा वेल्डिंगचा."

मी सुभेदारांकडे बघितलं. ते शेडच्या पत्र्याकडे बघत होते. मग माझा वेल्डिंगचा चष्मा उचलून स्वतःच माझ्या हातात दिला. हंगाम तोंडावर आलेला; एकेका नटावर असा झकास टाका मारला म्हणता, बॉडी बांधून एवढी मजा मला कधी आली नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी शेडवर आण्णा आले. बरोबर दोन गडी, पान्यांची पिशवी. कारखाना सुरू होतोय, घर इथंच उतरवा, म्हणाले. एक गडी खाली सरपटला आणि तसाच बाहेर आला. नट चिकटलेत म्हणाला. आण्णांनी धाकट्या भावाकडे बघितलं. कुणाला वाटेल, सुभेदार ते माझ्यावर ढकलतील. मीही तयारीत होतो.

सुभेदार सावधान उभे राहिले. "आण्णा, मीच मारून घेतलंय. ऊस न्हाई ओढायचा या गाडीनं."

"येड लागलंय का रं तुला?"

"व्हय," सुभेदार म्हणाले, आणि केबिनमध्ये चढून बसले. काकू आधीच शेजारी बसल्या होत्या.

इंजिन सुरू झालं. समोर उभे राहिलेले आण्णा दोन पावलं बाजूला झाले. राग होता, पण शेवटी सख्खा भाऊ, खिडकीखाली येऊन त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "परत कवा येणार?"

काकूंनी माहेरून परतायचा वारसुद्धा कधी स्वतः ठरवला नव्हता. तो आण्णाच सांगायचे. सुभेदार उत्तर द्यायला वळले, तेवढ्यात त्यांना ओलांडून काकूंनी मान बाहेर काढली. डोक्यावरचा पदर घसरला. तो त्यांनी सावरला नाही.

"ते अजून ठरवलं न्हाई, आण्णा."

आणि ट्रक हायवेच्या बाजूला वळला.