नुसत्या पाण्यावरचे उंदीर

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, तू खरंच उंदरांवर प्रयोग करायचीस?" आवाजात उंदरांबद्दल इतकी कळकळ होती की आधी केलेली माझ्या गुडघ्यांची चौकशी त्यामानाने फारच उरकल्यासारखी वाटली. तेव्हा नीट क्रमाने लिहिते.

साठच्या दशकात तुम्ही ज्याला नवी मुंबई म्हणता ते शहर नव्हतं. ठाणे-बेलापूर रस्ता होता, कडेला भातखाचरं, आणि मधूनच एखादा कोरा करकरीत कारखाना. तसल्याच एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, मी लागले. बी.एस्सी. पहिला वर्ग, इंग्रजी उत्तम, अक्षर सुवाच्य. म्हणून मला उंदरांचे पाय मोजायला बसवलं.

आमचे साहेब विलायतेहून शिकून आले होते. सुजेवर निर्गुडीचा पाला गुणकारी असतो, हा शोध त्यांना नुकताच लागला होता. आसपासच्या गावांतल्या बायका तो पाला पिढ्यान् पिढ्या वाटत होत्या, पण त्यांच्याकडे पदवी नसल्याने तो शोध धरला जात नव्हता.

साहेबांनी पाल्याचा अर्क काढला. बारा पांढऱ्या उंदरांच्या मागच्या एकेका पायात फॉर्मॅलिन टोचून सूज आणली. ते दुखतं. तेव्हाही मला ते ठाऊक होतं, आणि तरी मी पाय घट्ट धरत असे. सहा उंदरांना रोज अर्क पाजायचा, दुसऱ्या सहांना नुसतं पाणी. रोज सकाळी पंजाभोवती दोरा गुंडाळायचा, तो पट्टीवर धरायचा, आकडा वहीत. दहा दिवसांनी दोन्ही पिंजऱ्यांत फरक दिसला, तर तो अर्काचा.

अकराव्या दिवशी डायरेक्टर मंडळी येणार होती. माझं सहा महिन्यांचं प्रोबेशनही त्याच आठवड्यात संपत होतं. मी कायम झाले नाही, तर घरी दोन स्थळं ताटकळत होती आणि दोघांनाही नोकरी करणारी मुलगी चालणार नव्हती. (त्यातलं एकही तुमचे आजोबा नव्हेत.)

पिंजऱ्यांची देखभाल जवळच्या महापे गावच्या एक मावशी करत. पहाटे चालत येऊन भुसा बदलत, खाणं घालत, आणि माझी गाडी येईपर्यंत सगळं लख्ख करून ठेवत. मला वाटे, या कारखान्यात शिस्त असलेल्या आम्ही दोघीच.

दहाव्या दिवशी मोजमाप झालं. अर्कवाल्यांचे पंजे अजून टम्म होते. पाणीवाल्यांची सूज मात्र जवळजवळ उतरलेली.

साहेबांनी वही पाहिली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली. शास्त्रीय पद्धत त्या दिवशी तेवढीच वापरली गेली.

"पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालीय, उघड आहे. दुरुस्त करून टाका."

"सर, चिठ्ठ्या मी स्वतः चिकटवल्यात."

"म्हणूनच तुम्हाला सांगतोय. संध्याकाळपर्यंत वही टेबलावर हवी."

मी पिंजऱ्यांच्या खोलीत गेले. पाणीवाल्यांच्या पंजांवर हिरवट झाक होती. ती मला आधीही दिसली होती. मळ समजून मी वहीत लिहिली नव्हती. इतकी माझी शिस्त. या वेळी पंजा नाकाशी नेला. निर्गुडीचा उग्र वास.

"मावशी, ह्यांच्या पायाला काय लावलंत?"

"पाला. वाटून, गरम करून," मावशी झाडू न थांबवता म्हणाल्या. "दुसऱ्या दिसापासून. तुमी यायच्या आदी पुसून काडायची."

"अहो, पण का?"

"का म्हंजी? पाय तुमी बाराजनांचं सुजवलं. मंग सहांना औषद नि सहांना पानी? पंगतीत असा दुजाभाव केला तं लोक पानावरून उठतील, बाय."

मी समजावलं, की औषध दिलंच नाही तर किती सूज राहते, तेही कळायला हवं.

"ते कलाया उंदीर कशाला? आमच्या गावात दाक्तरच नाय. मना इचारायचं."

मग त्यांचा झाडू थांबला. "मना काडतील कामावरून?"

संध्याकाळी वही टेबलावर ठेवली. चिठ्ठ्या होत्या तिथेच होत्या. खाली मी लिहिलं होतं: पाण्याच्या गटाला दुसऱ्या दिवसापासून निर्गुडीचा लेप लागत होता, प्रयोगाचा हेतू मी देखभाल करणाऱ्यांना सांगितला नव्हता, चूक माझी, चाचणी बाद धरावी आणि लेपाची वेगळी चाचणी घ्यावी.

"लेप?" साहेब म्हणाले. "हा औषधांचा कारखाना आहे, आजीबाईचा बटवा नव्हे. कोणी लावला?"

"पिंजरे माझ्या ताब्यात होते, सर."

डायरेक्टरांना 'चाचणी चालू आहे' असं सांगण्यात आलं. माझं प्रोबेशन सहा महिने वाढलं. कारण लिहिलं होतं: कामात अचूकपणाचा अभाव. मसाल्याच्या डब्यांवरही तारखा घालणारी मी. ते पत्र मी तारखेनुसार फाइलला लावलं.

चाचणी नव्याने झाली. या वेळी मी मावशींना आधी सगळं सांगितलं आणि हात न लावण्याचं वचन घेतलं. त्यांनी ते पाळलं. दहा दिवस त्या पाणीवाल्या पिंजऱ्याकडे पाठ करून खोली झाडत होत्या. शेवटी दोन्ही पिंजऱ्यांतले पाय सारखेच सुजलेले. अर्क काहीच करत नव्हता. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि साहेबांनी निमूट सही केली, कारण तोवर त्यांना दुसरी वनस्पती लाभली होती. लेपाची चाचणी कोणी घेतली नाही.

मी कायम झाले. मावशींची नोकरीही राहिली. फक्त दोन महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. गुण येणारा पाला हाताशी असताना ते सहा उंदीर दहा दिवस तसेच ठेवायला मी त्यांना लावलं होतं. त्यांचं काही चुकत होतं, असं मला अजूनही म्हणता येत नाही.