शुभेच्छुक : समस्त गोठा परिवार

आमच्या नगर जिल्ह्यात बाळाची नाळ नंतर कापतात, आधी फ्लेक्सची ऑर्डर देतात. पोरगं पोलीस भरतीत निवडलं गेलं, लावा फ्लेक्स. धावताना पडलं, तरी 'जिद्दीला सलाम' म्हणून लावा फ्लेक्स. एका गावात बैलाच्या वाढदिवसाला इतके फ्लेक्स लागले की आठवडाभर गावात ऊनच उतरलं नाही. बायकांनी कुरडया शेजारच्या गावात नेऊन वाळवल्या. खोटं वाटत असेल तर त्या कुरडया खाल्लेली माणसं मी दाखवू शकतो.

अशा सुपीक जमिनीत मी जाहिरात सल्लागार म्हणून उगवलो. पुण्यात एका शनिवार-रविवारी ब्रँडिंगचा कोर्स केला, सोमवारी नगरला सावेडीत गाळा घेतला आणि मंगळवारपासून लोकांना सल्ले द्यायला सुरुवात केली. पुढे शहराचं नाव बदललं. जुन्या नावाच्या पाट्या उतरवायच्या, नव्या नावाच्या चढवायच्या, अशी कामाची झुंबड उडाली. माझ्या प्रिंटिंग मशीनला ताप आला. डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवून मी ते चालवलं.

माझे सल्ले फार पुढारलेले असत. कोल्हारला हमरस्त्यावर रसवंती चालवणाऱ्या एका गृहस्थाला मी म्हणालो, "साधेपणा हीच आजची फॅशन आहे. मोठा पांढराशुभ्र बोर्ड लावा आणि कोपऱ्यात उसाचं एवढंसं पान." त्यांनी लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पांढऱ्या जागेवर तालुक्यातल्या चार पुढाऱ्यांचे वाढदिवस येऊन चिकटले होते. एवढी मोठी जागा रिकामी म्हणजे ती आपल्यासाठीच सोडलेली, असा आमच्याकडचा समज. रसवंती कुठं आहे हे रसवंतीवाल्याच्या बायकोलाही सापडेना. तरी मी त्यांना समजावलं, "बघा, तुमच्या जागेला केवढी मागणी आहे!" हरलेल्या गोष्टीला कोणत्या बाजूने उभं केलं की ती जिंकल्यासारखी दिसते, हे सांगणं म्हणजेच जनसंपर्क. बाकी सगळं प्रिंटिंग.

माझी ही कीर्ती घोडेगावच्या बाजूला आमच्या गावापर्यंत पोहोचली. तिथं आमच्या भिंतीला भिंत लावून चाचीचा गोठा. चाचीचं सासर पिढीजात हेड्यांचं, म्हणजे जनावरांचे व्यापारी. नवरा वारल्यावर गोठ्यातल्या पाच म्हशी तीच सांभाळायची. तिच्या म्हशीच्या दुधावर मी वाढलो. इतकं घट्ट दूध, की लहानपणी पेला उपडा केला तरी सांडायचं नाही, हाक मारून खाली बोलवावं लागायचं.

पण म्हैस विकायची वेळ आली की चाचीचे हात बांधलेले. घोडेगावच्या बाजारात मोठ्या जनावराचा भाव तोंडानं होत नाही. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वरून रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा ठरतो. दोघांच्याही चेहऱ्यावरची माशी हलत नाही. आता परक्या पुरुषाच्या हातात हात चाची कशी देणार? म्हणून तिची म्हैस तिचा दीर, ज्याला आम्ही चाचा म्हणतो, तो विकायचा आणि येऊन एक आकडा सांगायचा. रुमालाखाली खरं काय झालं, ते अल्लाला ठाऊक आणि त्या रुमालाला.

त्या उन्हाळ्यात दिरानं गल्लीत सगळ्यांदेखत जाहीर केलं, "भाभी, बाजार बायामानसाचं काम न्हाई. पाचीच्या पाची म्हशी माज्या दावणीला आना. तुमी घरात आरामात बसा."

चाची म्हणाली, "आरामात बसले तर पाय आखडत्यात माजे."

"मग एक म्हैस सोता इकून दावा! इकली तर पुन्यांदा गोठ्याचं नाव काढनार न्हाई. न्हाई इकली तर सगळी दावन माजी."

"कबूल," चाची म्हणाली. गल्ली साक्षीला होती. आमच्या गल्लीला साक्षीला राहायला दुसरं कामच नसतं.

दुसऱ्या दिवशी चाची मला म्हणाली, "तू लोकांची दुकानं चालवतो म्हनं. माजी येक म्हैस खपव."

मी लॅपटॉप उघडला. "चाची, आधी आपण टार्गेट ठरवू."

"ते काय असतं?"

"म्हणजे गिऱ्हाईक."

"मग गिऱ्हाईक म्हन की. म्हैस बुजंल असं कशाला बोलतो?"

मी तिला पारदर्शकतेचं महत्त्व सांगितलं. आजच्या ग्राहकाला लपवाछपवी आवडत नाही. रुमाल हटवा, किंमत उघड छापा. एक भाव, ठळक अक्षरात. हात हातात द्यायची भानगडच नको. चाचीला हे एकदम पटलं, आणि तिला पटलं म्हटल्यावर मी स्वतःवरच भाळलो.

फ्लेक्स मी जातीनं करून घेतला. दहा फुटांची म्हैस, मागं ढग, शिंगांमागून उगवता सूर्य. माझा डिझायनर लग्नाच्या फोटोंत मुरलेला. नवरीला करतो तसं त्यानं सवयीनं म्हशीलाही उजळ केलं, त्यामुळे ती गव्हाळ वर्णाची आणि किंचित लाजलेली आली. खाली शुभेच्छुकांची रांग मोकळी होती. रांग मोकळी ठेवून फ्लेक्स छापला तर आमच्याकडे तो अपशकुन मानतात. चाची स्वतःचा फोटो देईना, पुढाऱ्यांचे फोटो लावू देईना. शेवटी मी गोठ्यातल्या उरलेल्या चार म्हशींचे फोटो गोलात बसवले आणि खाली लिहिलं, 'शुभेच्छुक : समस्त गोठा परिवार'. मधोमध पिवळ्याजर्द अक्षरांत किंमत. कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझा मोबाईल नंबर, कारण कलावंताला सही लागते.

बाजाराच्या दिवशी दोन बांबू रोवून आम्ही फ्लेक्स उभा केला. म्हैस खाली, तिची गोरी बहीण वर. गर्दी अशी लोटली की चहावाले आपले स्टोव्ह उचलून आमच्याकडे आले. लोक फ्लेक्सपुढे उभे राहून सेल्फी काढू लागले. एकानं शुभेच्छुक म्हशींना हात जोडले. मी चाचीला म्हणालो, "बघितलं? याला म्हणतात प्रतिसाद."

चाची म्हणाली, "समदे फ्लेक्सकडं बगत्यात. म्हशीकडं कोन बगतंय?"

खरंच, भाव विचारायला कुणी येईना. विचारणार काय, भाव तर वर लटकलेला. तेवढ्यात फेट्यातला एक म्हातारा किंमत वाचून थबकला. त्यानं म्हशीकडं पाहिलं, परत किमतीकडं पाहिलं आणि सोबतच्याला म्हणाला, "किंमत उघडी टाकलीया. म्हंजे कायतरी झाकलंया."

झालं! ते वाक्य बाजारात सुटलं. बैलांच्या ओळीपर्यंत जाईतो म्हशीचं एक सड बंद पडलं होतं. शेळ्यांच्या ओळीत ती लाथाड झाली. टेम्पोच्या तळावर पोहोचेपर्यंत तिनं दोन माणसं आडवी केली होती. आणि बातमी फिरून भज्यांच्या गाडीवर आली, तेव्हा ती म्हैस कालच वारली होती आणि वरचा फ्लेक्स श्रद्धांजलीचा होता. एक सद्गृहस्थ खरोखरच चाचीपाशी येऊन "लई वाईट झालं" म्हणून गेले. म्हैस शेजारीच रवंथ करत होती. तिनं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मला माझा कोर्स आठवला.

भज्यांच्या गाडीवर चाचीचा दीर, आमचा चाचा, बसला होता. एकेक भजं असं चवीनं खात होता की जणू प्रत्येक भजं म्हणजे चाचीची एक म्हैस. पाचवं त्यानं मला लांबून दाखवून खाल्लं.

ऊन कलायला लागलं. बाजार मोडला की गोठा गेला, हे चाचीला माहीत होतं आणि मलाही. मी घाम पुसत म्हणालो, "चाची, किमतीवर काट मारू. खाली छोटी किंमत टाकू. ऑफर म्हणून!"

"गप बस," चाची म्हणाली. "आदी किंमत उगडी केली म्हनून खोट निगाली. आता कमी केली तर म्हनत्याल, म्हशीला शिंगंच न्हाईत."

तिनं पाण्याचं घमेलं पालथं घातलं, पदर डोक्यावर ओढला, घमेल्यावर चढली आणि आवाज दिला. तिचा आवाज असा, की पूर्वी तिनं म्हशीला हाक मारली की प्रवरेपलीकडच्या म्हशी ओ द्यायच्या.

"ऐका रं समदे! माज्या म्हशीत खोट हाय म्हनता ना? मग काडून दावा! जो खोट काडील त्यानं म्हैस फुकट न्यावी. पैसा नको, रुमाल नको!"

जाहिरातीच्या कोणत्याही कोर्सात हे शिकवत नाहीत. पण सगळा बाजार आमच्याकडे लोटला. दुसऱ्याच्या मालात खोट काढणं हा आमच्या जिल्ह्यातला एकमेव उद्योग, की ज्याला जाहिरात लागत नाही, भांडवल लागत नाही आणि मंदी तर माहीतच नाही. कर्जतपासूनची माणसं बाह्या सरसावून आली. कुणी दात मोजले, कुणी चारी सडं दोहून पाहिली, कुणी खूर उचलला, कुणी शेपटी मोजली. म्हशीला चालवून पाहिलं, बसवून पाहिलं, कानात ओरडून पाहिलं. एक जण म्हणाला, "जरा तिरळी बगती."

चाची म्हणाली, "तुज्याकडं बगायचं म्हनल्यावर कुनीबी तिरळंच बगंल."

बाजार खदाखदा हसला. दुसरा म्हणाला, "फ्लेक्सवर गोरी हाय, हितं काळी. ही फसवनूक हाय!" ही एकच खोट खरी होती, पण ती माझ्या डिझायनरची, म्हशीची नव्हे. पंचांनी ती फेटाळली. पंच कुणी नेमले ते विचारू नका. आमच्याकडे चार माणसं जमली की दोन आपोआप पंच होतात.

शेवटी गर्दीतून आवाज आला, "ह्यांच्या दिराला बोलवा! त्याच्यासारखी खोट काडनारा बाजारात दुसरा न्हाई!"

लोकांनी चाचाला भज्यांसकट उचलून आणलं. चाचाचे डोळे चमकले. एक बारीकशी खोट सांगितली की म्हैसही त्याची आणि सगळी दावणही त्याची. त्यानं हात पुसले आणि म्हशीभोवती एक फेरी मारली.

चाची घमेल्यावरून हळूच म्हणाली, "बगा भाई, नीट बगा. हिचीच सख्खी बहीन तुमच्या खुट्याला उबी हाय. तिचा सौदा आज हुयाचाय ना?"

चाचा थांबला. चार हातांवर त्याची स्वतःची म्हैस उभी होती, आणि सकाळपासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच सांगत होता: आमच्या गोठ्याच्या रक्तात खोट न्हाई, आईपासून लेकीपर्यंत बघून घ्या. त्याची दोन गिऱ्हाइकं गर्दीत पुढंच उभी होती, कान टवकारून. आता या म्हशीत खोट काढावी तर रक्तात खोट निघते. न काढावी तर दावण जाते. चाचानं आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक. म्हैस त्याच्यासोबत मान फिरवत राहिली.

"बोला की!" बाजार ओरडला.

चाचानं कपाळ पुसलं. "बेदाग हाय," तो म्हणाला.

"मोठ्यानं!" चाची म्हणाली.

"बेदाग हाय!" चाचा असा गरजला की घोडेगावच्या बाजारात त्याच्यामागून रेडे रेकले.

त्याच घटकेला कर्जतकडचं एक नवरा-बायकोचं जोडपं पुढं आलं. बायकोनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि नवऱ्याला नुसती मान हलवून दाखवली. नवरा मात्र अडला. "घेतो हो, पन छापल्या किमतीला म्हैस घेतली म्हनून गावात कसं सांगू? लोकं शेन घालत्याल तोंडात. कायतरी वरून द्या."

"पैसा सुटायचा न्हाई," चाची म्हणाली. "दावंबी मिळायचं न्हाई, दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाती. त्यो फ्लेक्स न्या."

त्याचा चेहरा फुलला. दहा फुटांचा फ्लेक्स फुकट मिळाला, आता मान खाली घालायचं कारण नव्हतं. म्हैस टेम्पोत चढली, तिची गोरी बहीण गुंडाळून तिच्या शेजारी. चाचीनं सोडवलेलं दावं खांद्यावर टाकलं आणि चार शुभेच्छुक म्हशींची धार काढायला घरचा रस्ता धरला.

तो फ्लेक्स कर्जतकडे कडब्याच्या गंजीवर अजून आहे, कोपऱ्यातल्या नंबरासकट. आजही मला फोन येतात, "साहेब, गोरी म्हैस हाय का शिल्लक?" मी त्यांना नाराज करत नाही. सध्या बुकिंग चालू आहे, असं सांगतो. आणि ही सगळी मोहीम माझीच होती, हे मी प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतो. खोट काढण्याची कल्पनाही. चाचीला त्याबद्दल काही म्हणायचं नाही, कारण ती माझ्या ऑफिसात येत नाही.

चाचा मात्र आला. दोन-तीन बाजार उलटले असतील. चाचीच्या दुसऱ्या म्हशीचा फ्लेक्स मशीनवर चढला होता. चाचा खुर्चीत बसला, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला. मग खिशातून स्वतःचा एक फोटो काढून टेबलावर सरकवला. गॉगल घातलेला.

"खाली शुभेच्छुकांत माजाबी एक टाक," तो म्हणाला. "बाजारात लोकं इचारत्यात, घरचा मानूस कसा न्हाई म्हनून."

मी तिथूनच चाचीला फोन लावून विचारलं. पलीकडं घमेल्याचा आवाज झाला, कुणीतरी रेकलं.

"टाक," चाची म्हणाली. "पन म्हशींच्या मागं."