बाईंनी काढू न दिलेला आवाज

इंदूबाईंची आणि माझी पहिली ओळख कळसच्या शाळेत, आठवीच्या वर्गात झाली, आणि ती काही गोड नव्हती. कविता म्हणताना मी एका दमात चार ओळी फेकल्या. बाईंनी मला बाहेर काढलं आणि तीच कविता मोठ्याने म्हणत मैदानाला तीन फेऱ्या मारायला लावल्या. धापा टाकत परतले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, की श्वास कुठे घ्यायचा हे ज्याला कळत नाही, त्याला कविता कळलेली नाही. तेव्हा भयंकर राग आला होता. आज स्टेजवर रॅप करताना माझा दम टिकतो तो त्या फेऱ्यांमुळे.

बाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना समितीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला प्रेमाने सुचवलं, की तुमच्या गटाच्या पहिल्या अल्बमवर भरभरून लिही, दुसऱ्याचं तेवढं राहू दे, शुभकार्य आहे. बाईंच्या गळ्यात हार घालायचा आणि त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात धाडसाचं काम गाळायचं, हा कुठला गौरव? मी दुसऱ्यावरच लिहिणार आहे. छापायचं नसेल तर लेख परत करावा.

‘कडबाकुट्टी’ हा आम्हा तिघींचा गट. तिघीही बारामती एमआयडीसीत दूध प्रक्रियेच्या कारखान्यात कामाला. रविवारी स्कूटीवरून कळसला बाईंच्या घरी जायचं, मागच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगायच्या, पंखा आणि फ्रिज बंद करायचा आणि रेकॉर्डिंग करायचं, हा आमचा स्टुडिओ. बाई आमच्या ओळी लाल पेनाने तपासायच्या, आणि मग पोहे द्यायच्या. आमच्यातल्या एकीला सासूने यायला बंदी केली, तेव्हा बाई स्वतः तिच्या घरी गेल्या. तासभर बसल्या, चहा घेतला आणि निघताना म्हणाल्या, की रविवारी सूनबाई माझ्याकडे कामाला असते, तिला अडवू नका. पुढच्या रविवारी सासूबाईंनी डब्यात चटणी दिली.

पहिला अल्बम ऊस, कारखान्याचा भोंगा आणि मुलींच्या शाळेवर होता. गावोगावी आम्हाला बोलावलं गेलं, शाली मिळाल्या, ‘आमच्या लेकी’ म्हणून फ्लेक्स लागले. दुसऱ्याचं नाव ‘सही’. तो हक्कसोडपत्रावर आहे. वडील गेले की भाऊ गाडी घेऊन येतो, बहिणीला निबंधकाच्या कार्यालयात नेतो, जमिनीतला तिचा वाटा तिच्याच सहीने सोडवून घेतो आणि येताना साडी घेतो. घरोघरी हे चालतं. ते गाण्यात आलं मात्र, फ्लेक्स उतरले आणि आम्ही घरं फोडणाऱ्या ठरलो. एका मंडळाने तर आधी दिलेलं आमंत्रण मागे घेतलं. जमीन घेताना कुणाचं घर फुटत नाही, आणि गाणं म्हटलं की फुटतं!

त्या अल्बममध्ये बाईंचा आवाज आहे. यमक नाही, ताल नाही. माहेरची, पळसदेवची, उजनी धरणाच्या पाण्यातून वाचलेली जमीन आपण धाकट्या भावाच्या नावे कशी सोडली, एवढंच त्या सांगतात. अल्बम बाहेर पडायच्या आधी त्यांच्या भावाला, तात्यांना, कुठून तरी कळलं. त्यांनी निरोप धाडला, की अक्काचा आवाज काढा, नाहीतर तिनं यंदा भाऊबीजेला येऊ नये.

मी लगेच म्हणाले की काढून टाकू. बाईंचं माहेर तुटायला नको, त्यांच्या या वयात तर नकोच, असं मी तावातावाने सांगत होते. बाईंनी मग इतर दोघींना चहा ठेवायला पाठवलं.

“धुवपदात ‘सही’ आली की तुजा दम तुटतोय,” त्या म्हणाल्या. “चार रविवार ऐकतीय मी. कवा केलीस?”

मला खोटं बोलवेना. महिन्यापूर्वी दादा मला घेऊन गेला होता. सही झाल्यावर त्याने हॉटेलात जेवू घातलं, साडी घेतली. जी गोष्ट गायली म्हणून लोक आम्हाला शिव्या देणार होते, ती मी स्वतः, डोळे उघडे ठेवून करून आले होते. मैत्रिणींना सांगितलंही नव्हतं. आवाज काढायची घाई बाईंच्या माहेरासाठी नव्हती, माझ्या लाजेसाठी होती. मला माझीच चीड आली.

बाई रागावल्या नाहीत. “मी बी केलीच की,” त्या म्हणाल्या. “म्हनून तर माजा आवाज ऱ्हाऊ दे. आन् त्याच्या म्होरं तुजा बी घाल. न केलेलीनं सांगितलं तर कोन ऐकतंय?”

शेवटच्या गाण्यात दोन्ही आवाज आहेत, आधी बाईंचा, मग माझा. दादा अजून माझ्याशी बोलत नाही.

भाऊबीजेला बाई ओवाळणीचं ताट घेऊन नेहमीसारख्या पळसदेवला गेल्या. मी सोबत होते. दाराला आतून कडी होती आणि आत टीव्ही चालू होता. भावजयीने खिडकीतून पाहिलं आणि पडदा ओढला. बाई पायरीवर दहा मिनिटं थांबल्या, मग ताट पिशवीत ठेवून एसटीच्या थांब्याकडे वळल्या. वाटेत त्या शाळेच्या नव्या इमारतीबद्दल बोलत राहिल्या.

सत्कार समारंभात पहिल्या रांगेत तात्यांची खुर्ची आहे, असं कळलं. हा ग्रंथ त्यांच्याही हातात पडेल, म्हणून बाईंना शुभेच्छा देताना मी त्यांच्याशीच बोलते. तात्या, बाईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, त्यांनी शंभर भाऊबीजा पाहाव्यात, हीच आमची प्रार्थना. पण त्या शंभर वेळा पायरीवरून परतणार नाहीत. माहेरचं दार आपल्याला उघडं राहावं, एवढ्यासाठी त्यांनी सही केली होती. दार उघडायचं नसेल, तर जमीन परत द्या.