साहेबाचं झाड आणि खालाची शेळी

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलं नाही. ती शेवटी अंथरुणावर होती, रात्र रात्र आम्ही बोलत बसायचो, तेव्हासुद्धा नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

आधी माझी एक खोड सांगतो. बंद वस्तू दिसली की मला ती उघडून बघावीशी वाटते. वडिलांचं घड्याळ उघडलं, ते परत कधी चाललं नाही. आत काय आहे हे कळेपर्यंत जीव थाऱ्यावर राहत नाही. पोरगं चौकस आहे, असं लोक कौतुकानं म्हणायचे.

जळकोटच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो, तेव्हा मराठवाडा महाराष्ट्रात येऊन तीन-चार वर्षं झाली असतील. शाळेला परदेशातून दुधाची भुकटी यायची. ती मोठ्या पातेल्यात उकळून पोरांना वाटायचं काम हुसेनबीकडं. सगळी शाळा तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायची, मीही म्हणायचो. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. घरी एक शेळी. तिचं दूध सडकेवरच्या हॉटेलात घालायची, त्यावरच खालाची चूल पेटायची.

एक दिवस बातमी आली — ज्या देशातून भुकटी यायची, त्या देशाच्या अध्यक्षाला कुणीतरी गोळी घातली. आमचे हेडमास्तर निजामाच्या अमलात उर्दूतून शिकलेले. त्यांनी ‘ताजियती जलसा’ म्हणून दवंडी दिली आणि शोकसभेला अख्खं गाव गोळा केलं. साहेबाचं नाव कुणालाच धड उच्चारता येईना. फोटो तर नव्हताच. मग हार घालायचा कशाला? शेवटी भुकटीच्या रिकाम्या पिंपाला घातला. तुम्हाला हसू येईल, पण तेव्हा कुणी हसलं नाही. खाला तर डोळ्याला पदर लावून मला विचारत होती, "लेकरं हायती का वो त्याला?" दोन लहान आहेत, म्हटलं. "आन् बायकू?" आहे, म्हटलं.

मला आजही याचं कोडं आहे. कुठला तो देश, कुठलं जळकोट! कधी न पाहिलेल्या माणसासाठी रडू येतं, ते येतं कुठून?

त्याच दिवशी शाळेपुढं साहेबाच्या नावानं गुलमोहराचं रोप लावलं. भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. रोप सांभाळायचं काम माझ्याकडं आलं. वर्ष भरलं की पंचायत समितीच्या सभापतींना बोलवून झाडापाशी कार्यक्रम करायचा, असं हेडमास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं.

काही दिवसांनी रोपाला नवी पालवी फुटली. जो तो म्हणायला लागला — धरलं, धरलं. पण धरलं म्हणजे काय झालं? मातीखाली नेमकं काय होतं? एका रविवारी शाळेत चिटपाखरू नव्हतं. मी काट्या बाजूला केल्या. खुरप्यानं माती उकरली. दिसेना — म्हणून रोप वर ओढलं. मूळ तुटलं. बारीक, पांढरी, केसासारखी मुळं... हो, ती मला दिसली. माझं बघून झालं. मग रोप तसंच मातीत खोचलं आणि घरी निघून गेलो. काट्या परत लावायच्या राहिल्या. घाबरलो होतो, दुसरं काय?

सोमवारी सकाळी खालाची शेळी कुंपणाच्या आत होती. पाला संपला होता, तोंडात देठ. पोरांनी आरडाओरडा केला. हेडमास्तरांनी मला विचारलं, कुंपण उघडं कसं राहिलं? मी म्हणालो — शेळीनंच शिंगं घातली असतील.

बस, एवढं एक वाक्य.

शेळी कोंडवाड्यात गेली. दंड भरून सोडवायची खालाची ऐपत नव्हती. लिलाव झाला, कुणीतरी अणदूरकडं घेऊन गेलं. ज्या हॉटेलात खाला दूध घालायची, तिथंच ती भांडी घासायला लागली. मी चहाला तिथंच जायचो. माझा कप तीच विसळायची.

हेडमास्तरांनी दुसरं रोप लावलं. त्याला पाणी कोण घालायचं? खाला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. शेळीबद्दल ती मला चकार शब्द बोलली नाही. एकदा मात्र शाळा सुटल्यावर अवघडून समोर उभी राहिली.

"गुर्जी, तुमाला विंग्रजी येतंय. त्या सायबाच्या बाईला येक कागद धाडा की. म्हनावं, मुकं जनावर हाय, तुमच्या मालकाचं झाड खाल्लं. हुसेनबीला माफी करा म्हनावं."

मी हो म्हणालो आणि लिहिलं नाही. काय लिहिणार होतो? खाला मात्र विचारत राहिली — आलं का उत्तर? पातेल्यापाशी, हॉटेलात, रस्त्यात. शेवटी वैतागून — वैतागून की लाजून, हे अजून मला उकललेलं नाही — म्हटलं, आलं.

"काय म्हन्ती?"

"म्हणतात, खाला, तुमची काहीच चूक नाही."

त्या सगळ्या प्रकरणात मी एवढं एकच खरं बोललो, आणि तेही दुसऱ्या बाईच्या तोंडी घातलं. खाला तिथंच खाली बसली आणि रडली. "ती बी माज्यावानी बेवाच की," म्हणाली, "तिला कळतंय."

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्यासाठी मलिदा करून आणला. चपाती कुस्करून, वर गूळ आणि तूप. तूप कुठून आणलं, हे मी विचारलं नाही. मी — एरवी सगळं विचारणारा.

ती समोर उभी राहून बघत होती. मी सगळा खाल्ला.