शिळं पाणी आणि आमचा पाहुणा

गेल्या महिन्यात एका रविवारी बूढापाऱ्यातून रिकामा डबा घेऊन भनपुरीला घरी परतले. सगळा रस्ता स्कूटरवर रडत... हेल्मेट होतं म्हणून कोणाला दिसलं नाही.

त्या डब्यातून यायचा होता एक अ‍ॅक्सोलॉटल. पाण्यातच राहतो, चार पाय, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी पिसांसारखे कल्ले, आणि चेहरा असा की कायम हसतोय. आई फोटो बघून एवढंच म्हणाली की पाल आहे.

तो बूढापाऱ्यात राहणाऱ्या, माझ्या ओळखीच्या श्रुतीदीदीचा. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आणि तिथल्या भाड्याच्या खोलीत त्याला नेता येत नव्हतं. आपल्या रायपूरच्या उन्हाळ्यात त्याचा रस्सा होईल, म्हणून पाणी गार ठेवायचं मशीनही ती सोबत देणार होती. अट एकच, आधी टाकी तयार कर... नाही जमलं तर दुर्गचे एक काका त्याला न्यायला तयारच बसले होते.

टाकी तयार करणं म्हणजे काच पुसून पाणी भरणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं. रिकाम्या टाकीत फिल्टर चालू ठेवायचा आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं. ते सडलं की अमोनिया होतो, म्हणजे विष. मग हळूहळू फिल्टरच्या स्पंजात जिवाणू वाढतात आणि ते विष खातात... त्याचं आधी नायट्राइट होतं, तेही विषच, आणि शेवटी नायट्रेट, जे थोडं असलं तर चालतं.

यात आपलं काम काय, तर कित्येक आठवडे नुसती वाट बघायची. आणि कोणी, तर मी... सदर बाजारात टेप आणायला निघून संध्याकाळभर तळ्याकाठी बसणारी आणि टेप न घेताच घरी येणारी.

आईला वाटलं माझं डोकं फिरलं. "मासोळी नाही, काही नाही... अन् तू खाऊ कोणाले घालून राहिली?"

पण मी टिकले. रोज संध्याकाळी टेस्ट किट काढायचं, नळीत पाणी, वरून थेंब, मग रंग बघायचा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य... मला वाटलं, झालं की! डबा उचलला आणि त्या रविवारी दीदीकडे गेले.

दीदीने नायट्रेट किती ते विचारलं. ती टेस्ट मी केलीच नव्हती, कारण तिची बाटली हात दुखेपर्यंत हलवावी लागते आणि मला कंटाळा. दीदीला मराठी सगळं समजतं, पण बोलते हिंदीत. शांतपणे म्हणाली, "तीसरी ट्यूब दिखा, फिर ले जा."

घरी येऊन डोळे पुसत बाटली हलवली. नळी पिवळीधम्मक... म्हणजे नायट्रेटही शून्य. दीदीला फोटो पाठवला तर लगेच तिचा फोन. कोणी जेवलं असतं तर ताटात खरकटं दिसलं असतं, इथे ताटच कोरं आहे, जिवाणू वाढलेलेच नाहीत, असं ती समजावत होती. रोज खाणं पडूनही विष नाही, म्हणजे कोणीतरी पाणी बदलतंय, म्हणाली.

आता आमच्या घरात असतो कोण? आई आणि मी. सकाळी मी कधी घरात सापडत नाही, पोहे-जिलेबीच्या नावाने जी निघते ती निघते... दुसऱ्या दिवशी मात्र गेले नाही.

नळ आला. आईने रोजच्यासारखं प्यायचं कालचं पाणी ओतून दिलं, ताजं भरून घेतलं, आणि बादली घेऊन सरळ टाकीकडे गेली. मग्ग्याने अर्ध्याहून जास्त टाकी उपसली, तळाचं सडकं खाणं काढलं, आणि वरून नळाचं क्लोरीनवालं, जिवाणू मारणारं पाणी. रोज हेच चाललं होतं, मी बाहेर असताना.

मी ओरडणारच होते. तिने वळून बघितलं आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "ज्याले घरी आणून राहिली, त्याले का कालच्या पाण्यात ठेवतं? तुले तरी मी कधी शिळं पाणी पाजलं काय?"

ओरडणं राहिलं, मी तिथेच फरशीवर बसून तिला सगळं सांगितलं. ते स्पंज, ते जिवाणू, ते विष. ती बादलीवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे विरजण हाय हे," ती म्हणाली. "मग मले काहून नाही सांगितलं? विरजणाले कोणी हलवते काय?"

आणि वर मलाच विचारलं की घरात विरजण नसेल तर माणूस शेजारून मागून आणतो, तू दीदीकडून काहून नाही आणलं.

दीदीला फोनवर हे सांगितलं तर ती हसतच सुटली... आंटी बरोबर बोलतात म्हणाली. तिच्या जुन्या फिल्टरचा गाळाने काळा झालेला अर्धा स्पंज तिने पिशवीत पाणी घालून दिला आणि तो मी आमच्या फिल्टरमध्ये बसवला. आईने टाकीला हात लावणं तर सोडलंच, घरी आलेल्या मावशीलाही लांबूनच बघ म्हणून दम दिला.

तरी जीव टांगणीला होता. दीदीचं तिकीट निघालं होतं, दुर्गचे काका रोज फोन करत होते. संध्याकाळची ती बाटली आता आई हलवायची, कारण माझं हलवणं तिला पटत नव्हतं... नळी पिवळी, मग जराशी गडद, मग एक दिवस आपली तशीच.

दीदी निघायच्या आदल्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि तिसरी नळी चक्क केशरी, म्हणजे नायट्रेट आलं. मी दोनदा टेस्ट केली. मग भिंतीला टेकून खाली बसले... इतकं हलकं मला कुठल्या रिझल्टच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

दीदी स्वतःच त्याला घेऊन आली. तो हळूच तळाशी उतरला, कल्ले एकदा हलवले आणि बसून राहिला.

राहून राहून एकच विचार येतो. त्या रविवारी दीदी 'ले जा' म्हणाली असती तर? मी त्याला त्या पाण्यात सोडलं असतं, आईने रोज सकाळी ताजं पाणी घातलं असतं... आणि आम्ही मायलेकींनी मिळून, इतक्या मायेने, त्याला मारलं असतं.

आत्ता हे लिहितेय तर आई त्याला चिमट्याने गांडूळ भरवतेय. तोंड दुसरीकडे फिरवून, पण भरवतेय. दीदी, तू त्या दिवशी मला नाही म्हणालीस... थँक यू.