बुडबुडे बघणारे उद्धवराव

आयुष्यभर काय केलंत असं विचारलं, की उद्धवराव सांगत, "बुडबुडे बघितले." यात विनोद नसे. विनोद हा त्यांचा प्रांतच नव्हता. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सायलेन्सरचे पाइप वेल्डिंग होऊन त्यांच्यापुढे येत. पाइपची तोंडं बंद करायची, आत हवा भरायची आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवायचा. बुडबुडा आला तर नग बाद. नाही आला तर त्यावर उद्धवरावांच्या नंबरचा पंच ठोकला जाई: सतरा. परभणीहून आल्यापासून निवृत्त होईपर्यंत बावीस वर्षं हेच चाललं.

त्यातून एक खोड जडली. त्यांना सगळं जग दोन ढिगांत दिसू लागलं, पास आणि बाद. कुरुळीतल्या त्यांच्या बिल्डिंगचा दूधवाला बाद, जिन्याला रंग देणारा बाद, थोरले व्याही तर साखरपुड्यातच बाद. "मला कसं पास केलं, देव जाणे," असं त्यांची बायको सुमनताई चारचौघांत म्हणत. पण लोक त्यांचा निकाल मानत हेही खरं. हमरस्त्यावरचा गॅरेजवाला शफी त्यांनी पास केला आणि बघता बघता बिल्डिंगच्या तेराही गाड्या शफीकडे जायला लागल्या.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पेट्रोल गाडी घेतली, बिल्डिंगमधली चौदावी. तीन महिन्यांत समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. शफीने स्कॅनर लावला. धुरात हवा जास्त येतेय, असं मशीन म्हणत होतं. त्याने दिवा घालवला. तिसऱ्या दिवशी तो परत हजर. मग धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलला, दिवा आठवडाभर गप्प बसला आणि मोशीच्या सिग्नलला पुन्हा लागला. मग इंजिनात हवा नेणारी नळी तपासली, इंजेक्टर धुतले. दिवा ढिम्म.

शेवटी शफी म्हणाला, "भाऊ, मला वाटतं सेन्सरच्या आधी धुराच्या पाइपाला बारीक भोक आहे. बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. इंजिन थंड असताना गळतं, तापलं की बुजतं. म्हणून घावत नाही."

उद्धवरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाइप? मला शिकवायलास व्हय? बावीस वर्षं काय मी माश्या मारल्या? तुला रोग सापडंना, म्हणून पाइपावर ढकलायलास!"

त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये चार जणांसमोर त्यांनी निकाल दिला. शफी बाद. चोर आहे, उगाच पार्ट बदलत बसतो. महिन्याभरात चौदाही गाड्या दुसरीकडे गेल्या. शफीची बायको खातूनबी रस्त्यात दिसली की सुमनताईंना तोंड चुकवावं लागे. शफी मात्र भांडायला आला नाही. त्याचं गॅरेज या गाड्यांवरच चाललं होतं आणि आता तो दुपारभर स्टुलावर बसून असे.

दिव्याला या निकालाचं सोयरसुतक नव्हतं. पिंपरीच्या एका गॅरेजने पुन्हा सेन्सर बदलला. दुसऱ्याने धूर शुद्ध करणारा तो महागडा डबाच नवा घाला म्हणून सांगितलं. उद्धवरावांनी ठरवलं, आता आपणच पाइप तपासायचा आणि तो निर्दोष आहे हे दाखवून द्यायचं. पण त्यासाठी गाडीखाली उतरायला खड्डा हवा, आणि जवळपास खड्डा होता तो शफीकडेच.

रविवारी सकाळी ते घरचा व्हॅक्युम क्लीनर काखोटीला मारून हजर झाले. शफीने खड्ड्याला नाही म्हटलं नव्हतं; गाडी रात्रीच आणून लावली होती, म्हणजे इंजिन थंडगार. गाडी काही टाकीत बुडवता येत नाही. म्हणून व्हॅक्युमची नळी उलटी जोडून सायलेन्सरच्या तोंडात चिंध्यांनी घट्ट बसवली, की हवा आत जाणार. सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं. उद्धवराव टॉर्च घेऊन स्वतः खड्ड्यात उतरले. शफीने बटण दाबलं.

मागचा सांधा कोरडा. मधला कोरडा. "बघ लेका," असं ते म्हणणार, तेवढ्यात इंजिनाजवळच्या जोडाला एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. फुगला, फुटला, मागोमाग दुसरा आला. त्यांनी फडक्याने पुसून पुन्हा साबण मारला. पुन्हा आला. शेजारची काजळी अंगठ्याने घासली तेव्हा खाली आकडे दिसले. सतरा. त्याखाली महिना आणि साल: मार्च, दोन हजार एकोणीस.

त्या मार्चअखेरीस ट्रक गेटवर उभा होता. सुपरवायझर म्हणाला होता, दहातला एक बुडवा, बाकीचे तसेच ठोका. उद्धवरावांनी ठोकले. एकच शिफ्ट. ते विसरले नव्हते, फक्त ही गोष्ट त्यांनी कधी कुणापुढे काढली नव्हती. आता खड्ड्यात उभं राहून त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

शफी खाली उतरला. पंचाचा नंबर त्याने उद्धवरावांच्याच तोंडून शंभरदा ऐकला होता. आकड्यांकडे बघून तो नजर वळवत म्हणाला, "सात वर्षं झाली, भाऊ. आपल्याकडचे रस्त्यांतले खड्डे बघता ना. हादऱ्यानं वेल्डिंगचा टाका उलला असंल."

"उललेला टाका मला वळखू येत न्हाई व्हय?" उद्धवराव म्हणाले. "हे भोक पहिल्या दिवसाचं हाय, इतके दिस काजळीनं बुजलेलं. म्या बुडवलाच नव्हता."

शफीने पाच मिनिटांत भोक भरलं. दिवा गेला तो गेलाच.

पुढच्या रविवारी बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये उद्धवराव उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. शफी बरोबर होता, पाइपच फुटका होता, तो मीच न तपासता पास केला होता. तेव्हा गाड्या पुन्हा शफीकडे न्या. मग दुसऱ्या मजल्यावरचा निरंजन म्हणाला, "काका, राग मानू नका. पण तुम्ही न बघता पास करता असं तुम्हीच म्हणताय. मग शफीला पास म्हणता, ते कशावरून मानायचं?"

चौदांतल्या दोन गाड्या शफीकडे परतल्या, त्यातली एक उद्धवरावांचीच.

हे त्यांनी शफीला जाऊन सांगितलं. शफी हात पुसत म्हणाला, "कशाला बोललात, भाऊ? रस्त्यातल्या खड्ड्यांवर ढकलायचं होतं. चौदाही आल्या असत्या."

उद्धवराव स्टुलावर बसले. म्हणाले, "त्या शिफ्टला चारशे नग होते, शफी. बाकीच्या गाड्यांपायी कुणाकुणाला चोर म्हणायलेत, कुणास ठाऊक."